डॉल्फिनची गॅरंटी देणं आधी बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कळंगुट-बागाच्या रस्त्यावरून चालत जा, नाहीतर कांदोळी, सिकेरी, नेरूलचा कोको बीच, खाली दक्षिणेला पाळोळे, कुठंही जा, डॉल्फिन ट्रिपचा बोर्ड दिसणारच, आणि त्या बोर्डावर भाडं, टायमिंग, कोल्ड्रिंक फ्री वगैरेच्या खाली एक ओळ हमखास असते की डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत. गिऱ्हाइकांना ही ओळ फार आवडते. वाटतं, वा, काय प्रामाणिक माणसं आहेत! माझं म्हणणं असं की आपल्या समुद्रात डॉल्फिनच्या मागे जो धिंगाणा चाललाय त्याचं मूळ या एका ओळीत आहे. ती ओळ पुसली तर बाकीचं बरंचसं आपोआप ताळ्यावर येईल.

हिवाळ्यात माझी बहीण, भाऊजी आणि भाचरं कोल्हापूरहून आली होती. गोव्यात येऊन डॉल्फिन बघितले नाहीत तर शाळेत काय सांगणार, असा भाचीचा हट्ट, म्हणून ग्रांदे बेटाचं पॅकेज घेतलं. आधी डॉल्फिन, मग बेट, तिथं स्नॉर्केलिंग, गळाने मासेमारी, बार्बेक्यू, मोठ्यांना बियर, सगळं एका तिकिटात. एजंटचं किंवा होडीचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका होडीचा नाहीच, त्या दिवशी पाण्यात असलेल्या सगळ्याच होड्या तेच करत होत्या.

मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो, रेईश मागूशचा किल्ला मागे गेला, आग्वादच्या टोकाकडे पोचतोय तोच होडीवाल्याला फोन आला. तो फोनवर फक्त "खंय?" म्हणाला आणि त्याने होडी अशी वळवली की बहिणीच्या हातातली पाण्याची बाटली गेली समुद्रात. पुढे बघतो तर सात-आठ होड्या आधीच गोल करून उभ्या, आम्ही पोचेपर्यंत अजून आल्या. डिझेलचा धूर, एका होडीवर ब्लूटूथ स्पीकर, शिट्ट्या. मग एका बाजूला पाण्यातून करडी पाठ वर आली आणि सगळ्या होड्यांचे थ्रॉटल एकदम वाढले, सगळे त्या बाजूला. पाठ गायब. परत दुसरीकडे वर आली, सगळे तिकडे. आमच्या होडीतले सगळे प्रवासी एकदम डावीकडे धावल्यावर होडी कललीच, भाऊजींनी दोन्ही पोरांना घट्ट धरलं म्हणून ठीक, त्यात लाइफ जॅकेटं अंगात कमी आणि सीटखालीच जास्त. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. भाचीने मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यात पाणी, दुसऱ्या होडीचं इंजिन आणि कुणातरी काकांचं डोकं आहे. होडीवाला म्हणाला, "दिसला ना? सगळ्यांना दिसला ना?" सगळे हो म्हणाले. झाली गॅरंटी पूर्ण.

आता त्या पाठीबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक, अगदी किनाऱ्यावर राहणारेसुद्धा, हा प्राणी नेमका कुठला ते बघतच नाहीत. बोर्डांवर जो फोटो असतो, हवेत कमान करून उडी मारणारा, हसऱ्या तोंडाचा, चकचकीत, तो इथला नव्हे. तो बहुतेक बाहेरच्या देशातल्या कुठल्यातरी टाकीतला असतो. आपल्या किनाऱ्याजवळ नेहमी दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, पूर्ण नाव इंडियन ओशन हंपबॅक. अडीच मीटरच्या आसपास लांब, रंग शिशासारखा करडा. वर येतो तेव्हा आधी लांब चोच दिसते, मग कपाळ, मग पाठीवरचा तो उंचवटा ज्याच्यावरून नाव पडलं, त्या उंचवट्यावर छोटासा त्रिकोणी पर, आणि फुस्स करून श्वास सोडला की सगळं हळूच पाण्यात घसरतं. उड्या मारतो कधीतरी, पण ते त्याच्या मनात आलं तर. झुंडीने उड्या मारणारे, हवेत गिरक्या घेणारे स्पिनर डॉल्फिन वेगळे, ते लांब खोल पाण्यात असतात, तासाभराच्या ट्रिपमध्ये तिथवर कोणी नेत नाही. म्हणजे बोर्डावर एक जनावर दाखवायचं आणि समुद्रात दुसरंच, आणि मग लोक म्हणणार "बस्स, एवढंच?", मग होडीवाला अजून जवळ जाणार, कदाचित उडी मारेल म्हणून.

हा हंपबॅक किनाऱ्याला धरून राहणारा प्राणी आहे, उथळ पाण्यात, खाड्यांच्या आणि नद्यांच्या मुखाशी. मांडवी आणि जुवारीची मुखं त्याच्यासाठी जेवणाची जागा, तिथं शेवटो, तारले असले मासे मिळतात. पण नेमक्या त्याच पट्ट्यात आपलं सगळं चालतं, मुरगाव बंदराची जहाजं, बार्जेस, ट्रॉलर, जाळी, कॅसिनोंची ये-जा, शहरांचं सांडपाणी, आणि वर या टूरिस्ट होड्या. त्याला जायला दुसरी जागा नाही, खोल समुद्रात जाऊन राहील म्हणावं तर तो तसला डॉल्फिनच नव्हे. जागतिक पातळीवर ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, आणि मादीला साधारण तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. ते पिल्लू बराच काळ आईच्या अंगाला चिकटून असतं, दूध तर पितंच, पण मासे कसे घेरायचे, जाळं कसं टाळायचं हे सगळं तिच्याबरोबर फिरून शिकतं. होड्यांचा गराडा पडला की आई बुडी मारते, आणि पिल्लाला तिच्याएवढा वेळ श्वास धरता येत नाही. पुढचं तुम्हीच बघा.

आणि आवाज. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला पाण्याखालचं काही ऐकू येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि डॉल्फिनचं अर्ध्याहून जास्त जगणं आवाजावर आहे. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पाणी गढूळ, डोळ्यांना फार लांबचं दिसत नाही, म्हणून तो टिकटिक आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठं, खडक कुठं, जाळं कुठं ते ओळखतो. शिट्ट्या मारून एकमेकांशी संपर्कही ठेवतात. आता त्याच्या डोक्यावर आठ-दहा आउटबोर्ड एकदम घरघरायला लागली तर त्याला ना मासा कळणार ना पिल्लू. तुम्ही जेवायला बसलात आणि दर घासाला कोणी कानाशी ताशा बडवला तर जे होईल ते. एखाद दिवस ठीक आहे, पण इथं ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत रोज, सकाळी पहिल्या खेपेपासून.

यावर कोणी म्हणेल की मग ट्रिपा बंदच करा. नाही, मी तसं अजिबात म्हणत नाही आणि म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. मी वास्कोत वाढलो, बायण्याचे कितीतरी मित्र माझे, त्यांच्या घरात वडील-आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते, रापण बसली, मासे कमी झाले, ट्रॉलरवाल्यांनी पोटावर पाय दिला, मग त्यांनी होडीला इंजिन लावून टूरिस्ट न्यायला सुरुवात केली. सीझन आठेक महिन्यांचा, पावसात होडी वर ओढून ठेवायची, डिझेल महाग, इंजिनची दुरुस्ती महाग. आणि रस्त्यावर जो एजंट उभा असतो, टी-शर्टवर डॉल्फिन छापलेला, त्याचं कमिशन आधी कापलं जातं. गॅरंटी देतो तो एजंट. पाळावी लागते होडीवाल्याला. डॉल्फिन दिसला नाही तर डिझेल होडीवाल्याचं जळालं, गिऱ्हाइकाच्या शिव्या होडीवाल्यानेच खाल्ल्या, आणि एजंट पुढच्या खेपेला माणसं दुसऱ्या होडीत बसवणार. मग तो काय करणार? फोन करून एकमेकांना बोलावणार, पाठ दिसली की घुसणार, पाच-दहा मिनिटांत काम उरकून परत फिरणार कारण पुढची खेप जेटीवर उभी आहे. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच केलं असतं.

म्हणून म्हणतो, मूळ त्या ओळीत आहे. जंगली जनावराची गॅरंटी देता येत नाही आणि दिली तर ती त्याच्या मानेवर बसूनच पुरी करावी लागते. ताडोब्याच्या सफारीला हजारो रुपये खर्चून लोक जातात, जिप्सीतून धूळ खाऊन वाघ न बघता परत येतात, कोणी गेटवर जाऊन "वाघ दिसला नाही, रिफंड द्या" म्हणत नाही. म्हणालाच तर बाकीचे त्याला हसतील. आमच्या शेजारी रत्नागिरीत वेळासला, नाना फडणवीसांच्या गावात, कासवांच्या पिल्लांसाठी महोत्सव असतो. पुण्या-मुंबईची माणसं रात्रभर प्रवास करून येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन उभी राहतात, घरट्यांवरची टोपली उचलली जाते, पिल्लं वर आली असली तर दोरीच्या अलीकडून बघायची, नसली तर घरी येऊन घावणे खायचे आणि संध्याकाळी परत जायचं. पिल्लं दिसली नाहीत म्हणून तिथं कोणी पैसे मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे हाच टूरिस्ट, हीच माणसं, जंगलात आणि वाळूवर नीट वागतात आणि होडीत बसली की "डॉल्फिन दाखवा नाहीतर पैसे काढा". कारण त्यांना तसं विकलं गेलंय.

कायद्याबद्दलही दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं येत नाही, पाठलाग करणं, पिटाळणं, आमिष दाखवणं, एवढंच काय त्याचा प्रयत्न करणंही येतं. कोर्टात काय टिकेल ते वकिलांनी बघावं, पण ज्या कोणाला वाटतं की "आम्ही हात तर लावत नाही ना", त्यांनी ती व्याख्या एकदा वाचावी. अजून एक गंमत म्हणजे २०१३ साली केंद्राने राज्यांना कळवलं की डॉल्फिनना टाकीत ठेवून खेळ करायला परवानगी देऊ नका, इतका बुद्धिमान प्राणी बंदिस्त ठेवणं बरोबर नाही म्हणून. फार चांगलं केलं. पण टाकीत सर्कस नको म्हणून ठरवल्यावर तीच सर्कस आग्वादसमोर उघड्या समुद्रात चालते त्याचं काय?

ऑस्ट्रेलियात यासाठी साधे नियम आहेत. डॉल्फिनच्या ५० मीटरच्या आत होडी न्यायची नाही, दीडशे मीटरच्या पट्ट्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त होड्या नकोत, पट्ट्यात शिरलात की वेग एकदम कमी, लाट उठता कामा नये, समोरून आडवं जायचं नाही, बाजूने समांतर चालायचं. यातलं काय आपल्याकडे जमणार नाही? पन्नास मीटर म्हणजे काही फार नाही, डोळ्यांना व्यवस्थित दिसतं, होडीत दोन दुर्बिणी ठेवल्या तर अजूनच छान. पण पन्नास मीटरवर थांबलेल्या होडीवाल्याला गॅरंटीवाला गिऱ्हाईक गप्प बसू देणार नाही, म्हणून परत तेच, आधी गॅरंटी जायला हवी, मग नियम पाळले जातील. नुसता नियम काढून बंदर कप्तान खात्याने सर्क्युलर लावलं तर ते जेटीवर फडफडत राहील. सरकारी कामाची गती आपल्याला माहीत आहेच, २००० साली कांदोळीसमोर रुतलेली रिव्हर प्रिन्सेस हलवायला दहा वर्षांहून जास्त लागली, तेवढ्या काळात समोरचा किनारा खचला तो वेगळाच.

ट्रिपचा दुसरा भाग म्हणजे ग्रांदे बेट, त्याचंही सांगायला हवं. बोगमाळोसमोरचं हे बेट म्हणजे गोव्याच्या समुद्रातला खजिना आहे, आसपासच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे गोव्यातल्याच अर्ध्या लोकांना ठाऊक नाही, आपल्याला प्रवाळ म्हटलं की अंदमान नाहीतर लक्षद्वीप आठवतं. बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत, त्यांच्यावर माशांची वस्ती झालीये, स्कुबावाले तिथं नेतात. आमची होडी बेटाच्या आडोशाला थांबली, पोराने नांगर उचलला आणि खाली न बघता सोडला. खाली वाळू की प्रवाळ, कोण बघतंय! प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढंच वाढतं, एका नांगराने दोन सेकंदांत जे मोडतं ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ही खडक बांधणारी प्रवाळंसुद्धा २००१ पासून त्याच पहिल्या परिशिष्टात आहेत. मग स्नॉर्केलिंग सुरू झालं तर मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव चुरून टाकला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे झुंडीने आले, भाचा खूश, मीही खोटं कशाला बोलू, बघायला मजा आली. पण जे मासे खडकावरचं शेवाळ कुरतडून प्रवाळाला जागा मोकळी ठेवतात त्यांना पावाची सवय लावायची, आणि त्याच जागी दुसऱ्या बाजूने गळ टाकून त्यांनाच पकडायचं, याला काय म्हणायचं? पोरांनी पकडलेले बोटाएवढे मासे बादलीत तडफडत राहिले, ना कोणी खाल्ले ना सोडले.

पण मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बेटाच्या कड्यावर एका सुक्या झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसला होता, एवढा मोठा पक्षी, करड्या पंखांचा, छाती पांढरीशुभ्र, आम्हाला सगळ्यांना तिथून सहज दिसत होता. होडीवाल्याने बोटही केलं नाही. कारण तो पॅकेजमध्ये नाही. जाताना काबोच्या समोर पाण्यावर ऑलिव्ह रिडलेचं कासव श्वास घ्यायला वर आलेलं, मी ओरडलो, दोघांनी बघितलं, तोवर होडी निघून गेली. थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव, सुरय, पाण्यात भाकऱ्यांसारख्या तरंगणाऱ्या जेलीफिश, बार्जच्या मागे घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी, यातलं काहीच मोजलं जात नाही. एकाच जनावराची पाठ दिसली की टिक मार्क, बाकी अख्खा समुद्र फुकट. गॅरंटीने डॉल्फिनचं तर वाटोळं होतंच, पण बघणाऱ्याचंही होतं, त्याला बघायला शिकवलंच जात नाही.

आणि आपल्या समुद्रात काय काय आहे बघा. बिनपराचा पॉर्पॉइज आहे, डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक, इतका लाजाळू की होडीचा आवाज आला की निघून जातो, आपल्याला कळतो तो बहुतेक मेलेला वाहून किनाऱ्यावर आल्यावरच. हंपबॅक देवमासे आहेत, चक्क देवमासे, अरबी समुद्रातली ही टोळी इतर हंपबॅकांसारखी दर वर्षी ध्रुवाकडे जात नाही, बारा महिने इथंच असते, आणि अख्ख्या अरबी समुद्रात त्यांची संख्या अडीचशेच्या आत असावी असा अंदाज आहे. २०१७ साली ओमानमध्ये टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून थेट भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. त्यांचं गाणं गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली मायक्रोफोन सोडून शास्त्रज्ञांनी रेकॉर्डही केलंय. आपल्या दारात देवमासा गातो आणि आपण वर ब्लूटूथ स्पीकर लावून डॉल्फिन हाकलतोय! दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, तिथले लोक आणि आपले होडीवाले एकाच पाण्यात असतात, पण एकमेकांशी बोलल्याचं दिसत नाही. वर्षातून दोन दिवस, जून-जुलैत होड्या वर असतात तेव्हा, कोंकणीत, खुर्च्या टाकून, कोणी समजावून सांगितलं तर हेच होडीवाले गाइड होतील. सर्टिफिकेट द्या, होडीला वेगळा झेंडा द्या, त्या होडीचं भाडं जास्त ठेवा. लोक देतील.

हे हवेत बोलत नाही. बहिणीला असं परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं म्हणून बायण्याच्या माझ्या एका मित्राला, जो अजून जाळीच टाकतो, विचारलं की सकाळी नेशील का. तो आधी म्हणाला, "दिसतील की नाही ते माझ्या हातात नाही हां." म्हटलं ठीक आहे. पहाटे निघालो, जुवारीच्या मुखाबाहेर थोडं जाऊन त्याने इंजिन बंद केलं आणि पोरांना म्हणाला, "आता ओगी राव," म्हणजे गप्प राहा. बराच वेळ काहीच नाही. भाचा जांभया देत होता, भाची पाण्यात बोट बुडवून बसली. मित्राने हाताने खूण केली, लांब पाण्यावर शेवटो उड्या मारत होते, तो म्हणाला खालून कोणीतरी हाकलतंय त्यांना. मग आले. कोणी बोलावलं नव्हतं. तीन मोठे, आणि एकाच्या बगलेला पिल्लू, आईच्या पाठीमागोमाग त्याची पाठ, तिचा श्वास खोल फुस्स आणि पिल्लाचा बारीक, शिंक आल्यासारखा. पिल्लाला अजून नीट जमत नव्हतं, पाण्याबाहेर जरा जास्तच यायचं, चोच वर करून, आणि धप्पकन पडायचं. ते मासे घेरत होते, आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं, होडीपासून पन्नास-साठ मीटरवर त्यांचं काम चाललेलं. भाचीने मोबाईल काढलाच नाही, ती मला हळूच विचारत होती, मामा, त्याला दात आले असतील का. मित्र म्हणाला, डॉल्फिनला हाकलता येतं, बोलावता येत नाही, आम्हांला हे लहानपणापासून माहीत, पण एजंटला कोण सांगणार?

हे बदलतं का? बदलतं. गुजरातमध्ये वेरावळच्या बाजूला देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, मारणं हा धंदा होता. २००१ मध्ये कायद्याने बंदी आली, पण खरा फरक पडला २००४ नंतर, जेव्हा मोरारी बापूंनी तिला माहेरपणाला येणारी मुलगी म्हटलं, आणि तिला सोडवण्यासाठी जाळं कापलं तर त्याची भरपाई मिळायला लागली. तिकडच्या मच्छिमारांनी शेकड्यांनी व्हेल शार्क सोडून दिल्या, स्वतःच्या हाताने स्वतःची जाळी कापून. महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी, जनावर वाचवल्याने माणूस आर्थिक गाळात जाणार नाही एवढं बघितलं. आपल्या होडीवाल्यालाही तेवढंच हवंय. डॉल्फिन दिसो न दिसो, त्याची खेप वाया जाता कामा नये. आजची व्यवस्था बरोबर उलटी आहे, लांब थांबणाऱ्याला दंड आणि अंगावर जाणाऱ्याला बक्षीस.

तेव्हा पर्यटन खात्याला माझी विनंती एकच, दहा नाहीत. डॉल्फिन दिसण्याची हमी देणारी जाहिरात, मग ती बोर्डावर असो, इन्स्टाग्रामवर असो नाहीतर एजंटच्या तोंडी असो, बेकायदा ठरवा. तिकीट समुद्रावरच्या एका तासाचं असेल, डॉल्फिनचं नाही. हे करायला ना करोडोंचं बजेट लागतं ना नवी गस्ती नौका, एक ऑर्डर आणि सीझनच्या सुरुवातीला रस्त्यावरून दोन माणसांची चक्कर. होडीवाल्यांच्या संघटनांना मी स्वतः विचारलं नाही, पण ओळखीचे जे दोघे-चौघे आहेत ते म्हणतात की सगळ्यांना एकदम लागू केलं तर आम्हाला हवंच आहे, एकट्याने करायचं म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाणार. बरोबर आहे त्यांचं. ग्रांदेजवळ नांगर टाकू नये म्हणून कायमचे तरंगते बोये बांधून दिले तर फारच उत्तम, स्कुबावाले त्यासाठी पहिले हात वर करतील.

आणि वाचकांना, विशेषतः ज्यांच्याकडे घाटावरून पाहुणे येतात त्यांना, एक सांगणं. जेटीवर गेल्यावर "दिसतील ना नक्की?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा की इंजिन बंद करणार का, किती वेळ थांबणार, दुर्बीण आहे का, सगळ्यांना लाइफ जॅकेट अंगात घालायला लावणार का. हे चार लोकांनी विचारलं की पाचव्याच्या वेळेपर्यंत होडीत दुर्बीण येते, धंदेवाली माणसं आहेत, त्यांना गिऱ्हाइकाची नस लगेच कळते. शक्यतो सकाळची पहिली खेप घ्या, वारा कमी असतो, पाणी सपाट असतं, पाठ लांबूनही दिसते.

आता पावसाळा आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवल्यात. सप्टेंबरात त्यांना नवा रंग लागेल आणि बोर्डही दर वर्षीप्रमाणे नव्याने रंगवले जातील. खात्याची ऑर्डर त्याआधी निघाली तर पेंटरला एक ओळ कमी लिहावी लागेल, सीझन सुरू झाल्यावर निघाली तर रंगवलेले बोर्ड परत पुसायला कोणी तयार होणार नाही.

आपला,
एक वाचक, वास्को